गाडी नसलेल्याची जागा

बारक्याचं वजन नव्वद किलोंच्या घरात गेलं, डोक्यावरचे केस मागे हटत हटत मानेपर्यंत पोचले, शहरातल्या कितीतरी नव्या इमारतींच्या पाट्यांवर आर्किटेक्ट म्हणून त्याचं नाव झळकलं, तरी ताईच्या तोंडी तो बारक्याच राहिला. आई लवकर गेली, वडिलांचं संसारातून लक्ष उडालं, आणि ताईचं लग्न ठरलं तेव्हा ती होणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "माझ्याबरोबर हे शेपूट येणार. चालेल?"

"चालेल काय, धावेल," दाजी म्हणाले होते. "माझ्याकडे डोळे नाहीत. घरात दोनाऐवजी चार आले तर बरंच की."

दाजींची दृष्टी लहानपणीच्या तापात गेली होती. अंधशाळेत ते वेताच्या खुर्च्या विणायला शिकले आणि तोच त्यांचा धंदा झाला. जुन्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं घर होतं. दार सरळ रस्त्यावर उघडायचं. दारातच त्यांचं बाकडं, शेजारी पाण्याची घंगाळासारखी टाकी, त्यात भिजत पडलेल्या वेताच्या पट्ट्या. लोक बसकण फाटलेल्या खुर्च्या खांद्यावर मारून आणायचे, टेकवायचे, दोन गप्पा हाणायचे. दाजी बोलता बोलता बोटांनी कडेची भोकं चाचपत, पट्टी ओवत, ओढत, लाकडी खुंटी ठोकत. त्यांनी विणलेल्या खुर्चीवर बसलं की ती जराही कुरकुरायची नाही. एखादी कुरकुरलीच तर ते ती परत उसवायचे.

त्यांचे कान म्हणजे तिखट. पावलांवरून माणूस ओळखायचे, इंजिनावरून गाडी. "तिसऱ्या मजल्यावरचे आले. गिअर अजून खातोय, दाखवून घ्या म्हणावं." गाडीवाला खिडकीतून ओशाळं हसायचा. रस्ता ओलांडताना दाजी कडेला थांबत, मान किंचित वाकडी करत, ऐकत, आणि रस्ता मोकळा आहे असं कानांनी सांगितलं की पाऊल टाकत. उभ्या आयुष्यात त्यांना कधी साधा धक्का लागला नव्हता. बारक्याला शाळेत सोडायला तेच जायचे. कोण कुणाला सोडतंय, असं लोक म्हणायचे.

त्यांच्या वेतावरच बारक्या शिकला. आणि शिकला तो चांगला शिकला.

*

शहरात गाड्यांचा सुळसुळाट झाला त्या सुमारास पालिकेनं पार्किंगचे नियम नव्यानं करायला घेतले. सल्ला द्यायला चार जाणत्यांची समिती नेमली, त्यात बारक्या होता. तो तिथे तळमळीनं बोलला होता. त्यानं पाहिलं होतं, नकाशावर पार्किंग दाखवायचं, परवानगी घ्यायची, आणि इमारत उभी राहिली की त्याच जागेत गोदाम, दुकान, नाहीतर कुणाची शिकवणी. मग गाड्या रस्त्यावर. एकदा अशाच गल्लीत रुग्णवाहिका अडकली होती आणि आतल्या बाईला लोकांना स्ट्रेचरवर घालून चालत न्यावं लागलं होतं. म्हणून त्यानं एक वाक्य सुचवलं, आणि ते जसंच्या तसं नियमात गेलं: पार्किंगसाठी दाखवलेली जागा, तिथे वाहन उभं असो वा नसो, दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरता येणार नाही.

"वाहन असो वा नसो" हे शब्द त्याचे स्वतःचे. त्याला त्यांचा अभिमान होता.

त्याच नियमांत विजेच्या गाड्यांचंही आलं. दर घरामागे एक जागा, पाहुण्यांच्या वेगळ्या, आणि दर पाचातल्या एका जागेला चार्जर हवाच. चार्जरसाठी जाड वायरी, त्या वायरींसाठी ट्रान्सफॉर्मरची खोली, खोलीसमोर अग्निशमनाची गाडी उभी राहील एवढं अंगण. एकेक नियम ऐकला तर शहाणपणाचा. शहरात धूर इतका होता की मुलं खोकत शाळेत जायची.

आणि मग ताईची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सोसायटीच्या अध्यक्षांनी काम बारक्याला दिलं. घरचाच माणूस, दुसरा कशाला शोधायचा?

बारक्यानं कागदावर तळमजला मांडला आणि आकडेमोड पुन्हा एकदा केली. जागा चिमूटभर आणि गाड्या ढीगभर. तळघर पूर्ण भरलं, तळमजला पूर्ण भरला, तरी आकडा पुरेना. तळमजल्यावर घर ठेवायचं म्हणजे गाड्यांच्या जागा कमी, जागा कमी म्हणजे परवानगी नाही, परवानगी नाही म्हणजे सगळी इमारत भाड्याच्या घरांत लटकलेली. त्यानं खांब सरकवून पाहिले, उतार फिरवून पाहिला. सगळ्यात शेवटी लिफ्टपासून फाटकापर्यंत पायी चालणाऱ्यांसाठी त्यानं एक उंचवटा काढला होता, कठडा लावून. तो उंचवटा पुसला तर दोन जागा निघत होत्या. त्यानं तो पुसला. त्याऐवजी जमिनीवर पिवळा पट्टा दाखवला. नियमाला पट्टा पुरत होता.

हे तो ताईला सांगायला गेला तेव्हा दाजी खुर्ची विणत होते. ऐकून त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे खाली कुणीच राहणार नाही?"

"फक्त गाड्या, दाजी."

"बरं आहे त्यांचं," दाजी म्हणाले आणि खुंटीवर हातोडी मारली.

घरांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. ताईला सहावा मजला आला. पार्किंगसाठीही टाकल्या, आणि सगळ्या इमारतीत जिच्यावर डोळा होता ती, तळमजल्यावरची, लिफ्टला चिकटून असलेली, चार्जर लावलेली जागा दाजींना आली. सभेत खसखस पिकली. अध्यक्ष म्हणाले, "टकल्याला कंगवा मिळाला म्हणायचं!"

"माझ्यासमोर एवढं जपून कशाला बोलता?" दाजी म्हणाले. "आंधळ्याला आरसा म्हणा की."

सगळे हसले. अध्यक्ष जरा उशिरा हसले.

*

नवं घर उजेडाचं होतं, असं ताई सांगायची. दाजींना उजेडाचं काय? सहाव्या मजल्यावर माणसाचं पाऊल ऐकू येत नव्हतं. रस्ता म्हणजे खालून येणारी एकच गदारोळाची गुणगुण. खुर्च्या लिफ्टमधून वर आणायच्या म्हणजे लोक नाकं मुरडायचे. लिफ्टचा आरसा एकदा खुर्चीच्या पायानं तडकला. भिजलेल्या वेताचं पाणी मजल्यावर ठिबकलं आणि कुणाचा तरी पाय घसरला. गिऱ्हाईकं म्हणायची, "येतो हो वर, पुढच्या आठवड्यात." मग येईनाशी झाली. ज्याला दारातून जाता जाता दिसायचं की इथे खुर्ची विणून मिळते, त्याला आता काहीच दिसत नव्हतं.

दाजी गॅलरीत बसून राहायचे. सकाळी दाढी करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि बसून राहायचे. ताईनं फोनवर बारक्याला सांगितलं, "अरे, ते काल तीच एक बसकण तीनदा उसवून तीनदा विणत होते. बरी होती रे पहिल्यांदाच."

एके दिवशी ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला एक जागा मिळालीय ना? गाडी नाही, पण जागा तर आपली आहे! तिनं रखवालदाराच्या मदतीनं बाकडं खाली नेलं, टाकी नेली, वेताचं भेंडोळं नेलं. लिफ्टमधून बाहेर पडलं की चार पावलांवर दाजींचं बाकडं. फाटकातून ये-जा करणारं माणूस त्यांना दिसत होतं, म्हणजे ऐकू येत होतं.

आठवड्याभरात खुर्च्या येऊ लागल्या. बारक्या पाहायला गेला तेव्हा दाजी चार्जरच्या खोक्याला आपली पिशवी अडकवून मजेत काम करत होते. भोवती दोन म्हातारे उभे, एक बाई खुर्ची घेऊन आलेली. जुन्या दाराचाच देखावा, फक्त वर छताला पाण्याचे पाइप.

"काय रे बारक्या," दाजींनी त्याच्या पावलावरून ओळखलं, "बूट नवे घेतलेस. डावा चावतोय वाटतं?"

बारक्या हसला, आणि त्याला आपलेच शब्द आठवले. 'वाहन असो वा नसो.' चार दिवस सुखाचे जाताहेत तर जाऊ देत, असं त्यानं मनाशी म्हटलं.

पाचव्या मजल्यावर एक दातांची डॉक्टर राहायची. एकटीच, कामसू, बोलायला गोड. तिनं विजेची गाडी घेतली होती, पण तिची जागा तळघरात, चार्जर नसलेली. गाडी भरायला तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागायचं आणि तिथे रांगेत बसावं लागायचं. ती दाजींकडे आली.

"काका, अदलाबदल करू या का? माझी जागा तुम्ही घ्या, तळघरातली."

"तळघरात गिऱ्हाईक कोण येणार, बाई? उंदीर?"

ती हसली. "नाही, बरोबर आहे तुमचं. बसा तुम्ही." ती निघून गेली आणि तिनं कुठे तक्रारही केली नाही. पण चार्जर लावलेली जागा रिकामी आहे आणि तिथे एक माणूस खुर्च्या विणतोय, ही गोष्ट इमारतभर झाली. ज्यांनी विजेची गाडी घ्यायचं नुसतं मनात आणलं होतं, त्यांनाही आता ते खुपू लागलं.

*

पालिकेचा अभियंता तपासणीला आला तो पोरसवदा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. भोगवट्याचं अंतिम प्रमाणपत्र अजून बाकी होतं, ते मिळाल्याशिवाय पाण्याचं कायमचं कनेक्शन मिळणार नव्हतं आणि सगळी इमारत टँकरवर होती. अध्यक्षांनी बारक्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

अभियंता एकेक जागा मोजत लिफ्टपाशी आला आणि थांबला. दाजी खाली मान घालून पट्टी ओढत होते.

"हे काय?"

"आमचे ज्येष्ठ सभासद," अध्यक्ष म्हणाले. "जरा बसतात."

अभियंता बारक्याकडे वळला. आवाजात उर्मटपणा नव्हता, उलट आदरच होता. "सर, तुम्हीच समितीत होता ना? आम्हाला ट्रेनिंगमध्ये तुमचं वाक्य शिकवलं. वाहन असो वा नसो. शिकवणारे म्हणाले होते, या पाच शब्दांनी पळवाट बुजवली."

"चार," दाजी मान वर न करता म्हणाले. "चारच शब्द आहेत."

अभियंता म्हणाला, "मी आज अहवालात लिहीत नाही. पुढच्या फेरीला जागा मोकळी दिसायला हवी. नाहीतर मला प्रमाणपत्र अडवावं लागेल, सर. माझा इलाज नाही."

त्या आठवड्यात लिफ्टमध्ये ताईशी कुणी धड बोलेना. टँकर उशिरा आला की बायका तिच्याकडे पाहायच्या. अध्यक्ष बारक्याला म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना. आम्ही सांगितलं तर वाईट दिसेल."

म्हणून बारक्या सांगायला गेला. दाजी आणि ताई जेवायला बसले होते. त्यालाही ताट वाढलं. त्यानं दोन घास चिवडले.

"दाजी, बाकडं उचलावं लागेल."

"ठाऊक आहे."

"माझ्या ऑफिसात एक खोली आहे. रस्त्याला लागूनच आहे. सकाळी गाडी पाठवीन, संध्याकाळी आणून सोडीन."

"तिथे मला कोण ओळखतं? आणि मी कुणाला?" दाजींनी ताटातली वाटी बोटांनी शोधली. "नियम तूच केलास ना?"

"हो."

"मग तो मोडायला तुला सांगणार नाही मी. घर बांधणाऱ्यानंच भिंत पोखरली तर कसं चालेल?"

त्यांनी ते रागानं म्हटलं असतं तर बारक्याला सोपं गेलं असतं. ते साधेपणानं म्हणाले. ताई मात्र उठून आत गेली आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

शेवटी एक तोड निघाली. फाटकाबाहेर, कुंपणाची भिंत आणि पदपथ यांच्यामध्ये सोसायटीचीच एक अरुंद पट्टी होती. तिथे पत्र्याचं छप्पर टाकून दाजींनी बसायचं. गिऱ्हाइकाला ते सोयीचंच होतं. फक्त लिफ्टपासून फाटकापर्यंत, दोन्ही बाजूंच्या गाड्यांमधून, दाजींना रोज चालत जावं लागणार होतं. बारक्यानं त्यांचा हात धरून तो रस्ता पुन्हा पुन्हा शिकवला. कुठे खांब, कुठे उताराचं तोंड, कुठे पाण्याचं गटार.

"आणि चालायचा पट्टा कुठे आहे म्हणालास?" दाजींनी विचारलं.

"आपण त्याच्यावरच आहोत. पिवळा रंग आहे."

"असं होय," दाजी म्हणाले. "रंग छान असेल."

काठीला लागेल अशी पट्टी तरी ठोकून घेऊ, असं बारक्या अध्यक्षांना म्हणाला. अध्यक्ष म्हणाले, प्रमाणपत्र हातात पडू दे, मग काय हवं ते ठोका.

मोकळी झालेली जागा ताईनं डॉक्टरीणबाईंना वापरायला देऊन टाकली. "ओस पडण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे," ती म्हणाली. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ताईचे दात फुकट साफ करून दिले. इमारतीला पाणी आलं. ज्या बायका बोलत नव्हत्या त्या बोलू लागल्या. काठीला लागायची पट्टी मात्र राहून गेली.

*

ती सकाळ तशी कुठल्याही सकाळसारखीच होती. दाजी लिफ्टमधून बाहेर पडले. हातात नव्या पट्ट्यांचं भेंडोळं, दुसऱ्या हातात काठी. नेहमीप्रमाणे ते जागेच्या तोंडाशी थांबले, मान वाकडी केली आणि ऐकलं. काही नव्हतं. त्यांनी पाऊल टाकलं.

डॉक्टरीणबाई मागे घेत होत्या. विजेची गाडी, सावकाश, मांजरीच्या पावलांनी. बाईंचं लक्ष मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर होतं आणि दाजी बाजूनं आले. गाडीचा धक्का तसा जोराचा नव्हता. पण तोल जाताना दाजींनी आधारासाठी उजवा हात खांबाला लावला, आणि गाडी खांबाला येऊन टेकली. मधे हात होता.

बाईंचा आवाज सहाव्या मजल्यापर्यंत गेला. दाजी ओरडले नाहीत, असं रखवालदार नंतर सांगत होता. ते नुसते म्हणत होते, "मागे घ्या. मागे घ्या हो."

बारक्या तेव्हा दुसऱ्या एका बांधकामावर उताराचा चढ तपासत होता. तो पोचला तोवर दाजींना ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. ताई बाकावर बसली होती, मांडीवर वेताचं भेंडोळं. ते तिनं तिथून उचलून बरोबर का आणलं, तिलाच ठाऊक. शेजारी डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंडावर ओढणी दाबून. बारक्यानं ताईच्या खांद्यावर हात ठेवला. ताईनं तो काढला नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही.

सर्जन बाहेर येऊन म्हणाले, हाडं जुळतील. पण मनगटातली नस चेपलीय. बोटं हलतील पुढेमागे थोडीफार. स्पर्श कळेल की नाही, सांगता येत नाही. बहुधा नाही.

"त्यांना दिसत नाही," ताई म्हणाली.

"मला कल्पना आहे."

"तुम्हाला नाही कल्पना," ताई म्हणाली. "ते बोटांनीच बघतात."

दुसऱ्या दिवशी दाजी शुद्धीवर नीट आले तेव्हा बारक्या उशाशी होता. त्यांनी डावा हात पुढे करून त्याचं मनगट धरलं.

"मी थांबलो होतो रे," ते म्हणाले. "नेहमीसारखा. ऐकलं. काहीच नव्हतं."

"हो, दाजी."

"खरंच काही नव्हतं. तू ताईला सांग. तिला वाटतंय, मी घाई केली."

बारक्या मान हलवत राहिला. मान हलवलेली दाजींना दिसत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मग दाजींनीच विचारलं, "आहेस ना?"

*

पुढचे महिने बारक्यानं झपाटल्यासारखे काढले. त्याला आता एकच गोष्ट करायची होती, तो पुसलेला उंचवटा परत आणायचा. त्यासाठी दोन जागा जायला हव्या होत्या. त्यानं सोसायटीची सभा बोलवायला लावली. अख्खी इमारत जमली. सगळ्यांना वाईट वाटत होतं. सगळ्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"आमची जागा घ्या," ताई पहिल्यांदा म्हणाली. डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या, "मी आजच गाडी काढते."

एक झाली. शेजारची जागा अध्यक्षांची. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझी ना नाही. पण मुलगा परदेशातून येणार, तो गाडी घेणार. त्याला काय सांगू? आणि एकट्या माझ्यावरच का?" कुणी म्हणालं, उंचवटा दुसऱ्या बाजूनं काढा. त्या बाजूचे तीन जण एकदम बोलायला लागले.

ते गाडं पुढे सरकेना, म्हणून बारक्या पालिकेत गेला. तोच इस्त्रीच्या शर्टातला अभियंता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. त्याचे डोळे खाली गेले.

"सर, सभासदांनी दोन्ही जागा दिल्या तरी माझ्याकडे आकडा कमी पडतो. चार्जरच्या जागाही एकानं कमी होतात. मग मंजूर नकाशाचा भंग. सूट फक्त समिती देऊ शकते."

"मी समितीत होतो."

"होता, सर. आता नवीन आहे."

नव्या समितीसमोर बारक्या उभा राहिला तेव्हा टेबलाच्या त्या बाजूचे चेहरे त्याला ओळखीचे वाटले. ते सारे तो जसा होता तसेच होते, तळमळीचे, अभ्यासू. त्यानं सांगितलं की पार्किंगमध्ये माणसंही चालतात, म्हातारी, पोरंबाळं, न दिसणारी. बिनआवाजाची गाडी आणि पिवळा रंग यांच्या भरवशावर त्यांना सोडता येत नाही. एका बाईंनी डोळे टिपले. त्यांनी त्याचं म्हणणं मान्य केलं. नियम बदलला: चार्जरच्या जागांपाशी पायी चालणाऱ्यांसाठी उंच, कठड्याची वाट ठेवावी आणि तेवढ्या जागांची सूट मिळावी. यापुढच्या सगळ्या इमारतींना तो लागू.

"आणि झालेल्या?" बारक्यानं विचारलं.

झालेल्यांना लागू करायचं म्हटलं तर निम्मं शहर उकरावं लागेल, असं त्यांनी त्याला समजुतीच्या स्वरात सांगितलं. त्यांच्या जागी तो असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं, आणि हे त्याला कळत होतं, म्हणून तो भांडूही शकला नाही.

ताईच्या इमारतीत तेवढा पिवळा पट्टा नव्यानं रंगवला. आधीपेक्षा गडद.

*

हाडं जुळली. दाजींचा उजवा हात आता टेबलावर ठेवला की ठेवला तिथे राहायचा. बोटं मिटायची, उघडायची, पण त्यांत लाकूड आलं की लोखंड, थंड की गरम, त्यांना कळत नव्हतं. चहाचा कप ते त्या हातानं एकदा धरून बसले आणि तळवा पोळला तरी समजलं नाही. ताईला फोडाचा पत्ता संध्याकाळी लागला.

"मी दुसऱ्यांदा आंधळा झालो," ते एकदा बारक्याला म्हणाले. "पहिल्या वेळी लहान होतो. पटकन सवय झाली."

डॉक्टरीणबाईंनी गाडी विकून टाकली. त्या अधूनमधून वर यायच्या, दाजींचा हात हातात घेऊन एकेक बोट वाकवायच्या, व्यायाम म्हणून. दाजी मुकाट्यानं हात देत. त्या गेल्या की म्हणत, "येते, रडते, जाते. गोड पोर आहे. पण पहिला चहा रडण्यात गार होतो, हिला दोन वेळा करावा लागतो."

बारक्या रविवारी जायचा. ताई जेवायला वाढायची, बोलायची, हसायचीही. पण त्याला बारक्या म्हणायची सोडली होती. त्याच्या नावानं हाक मारू लागली होती, जे नाव लोक पाटीवर वाचत. तिनं ठरवून केलं असेल असं नाही. त्यानंही कधी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की पक्क्या होतात.

एका रविवारी दार उघडंच होतं. आत बैठकीत ताई जमिनीवर मांडी घालून बसली होती, पुढ्यात एक उलटी केलेली खुर्ची. बाजूला बादलीत वेत भिजत होता. दाजी कोचावर बसून सांगत होते, ती ओवत होती.

"तिसऱ्या भोकातून वर काढ. वरून नाही, खालून. आता ओढ. अगं ओढ!"

"ओढतेय ना! हात कापला माझा."

"कापू दे. ढिलं राहिलं की गेलं सगळं." ते डाव्या हातानं जाळी चाचपायचे, जीभ टाळ्याला लावून च्च करायचे. "उसव."

"परत?"

"परत."

ताईनं उसवलं. तिच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. बारक्याला बघून ती म्हणाली, "आलात? बसा." आलात, म्हणाली. मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हनुवटीनं खूण केली. "ती झालीय कालच. बसून बघा."

जाळी वाकडीतिकडी होती. काही ठिकाणी पट्टी दुहेरी, काही ठिकाणी बोट जाईल एवढी फट. बारक्या हळूच टेकला, अर्धं वजन पायांवरच ठेवून. तरी खुर्ची कुरकुरली.

ताईचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

दाजींनी ऐकलं होतं. त्यांची मान जरा वाकडी झाली होती, आणि ते बराच वेळ तशीच ठेवून बसले. खालून कुठूनतरी गाड्यांची गुणगुण येत होती.

"चालेल," शेवटी ते म्हणाले. "देऊन टाक."

ताईनं खाली वाकून नवी पट्टी घेतली आणि पहिल्या भोकात घालायला लागली. तिला ते भोक लवकर सापडेना. बारक्या उठून तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि खुर्ची तिला हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून राहिला. त्यानं धरलेली तिला नको होती की हवी होती, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही नाही.